पेटीतली हाक

२ फेब्रुवारी १९८४, निपाणी

बसमधून उतरलो आणि लागोपाठ सात शिंका दिल्या. कंडक्टर हसून म्हणाला, नवा दिसतोस, निपाणीत शिंकणारा माणूस नवाच असतो. खरंच सगळ्या गावाला तंबाखूचा वास आहे. वखारींच्या रांगा ओलांडून डॉक्टरांच्या घरापर्यंत नाक हातात धरूनच आलो.

ही डायरी डॉक्टरांनीच दिली. औषध कंपनीची आहे, दर पानाखाली एकेका टॉनिकची जाहिरात. डॉ. सिद्राम मेत्री, वय पस्तिशीचं, बोलणं मऊ आणि गाण्याचं भारी वेड. एका बंद पडलेल्या तंबू टॉकीजच्या लिलावातून त्यांनी स्पीकरच्या दोन जुन्या लाकडी पेट्या आणल्यात, माझ्या कमरेएवढ्या उंच. त्या घासूनपुसून, पॉलिश करून नव्या घराच्या हॉलमध्ये रेकॉर्ड प्लेअरच्या दोन बाजूंना उभ्या करायच्या आहेत. डॉक्टरीणबाई बाळंतपणाला माहेरी गेल्यात, त्या बाळाला घेऊन यायच्या आत हॉल सजला पाहिजे. डॉक्टरांनी बेळगावच्या खडेबाजारात आमच्या दुकानात माणूस विचारला आणि मालकांनी माझं नाव सांगितलं. सांगणारच. बेळगावात मष्णूच्या हाताचा पॉलिशवाला दाखवावा कुणी. मीच लिहितोय म्हणून काय झालं, खोटं थोडंच आहे?

घरात डॉक्टरांच्या आई असतात, तानीबाई. सगळे त्यांना आक्का म्हणतात. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत राबून त्यांनी लेकाला डॉक्टर केलं. हॉलमध्ये बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, त्यांच्याखाली एक खुर्ची आहे, ती आक्कांची. चहाचा कप पुढं ठेवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी पितो की नाही ते बघत होत्या, हे मागाहून लक्षात आलं. मी पिऊन टाकला आणि आक्का अजून हाय काय म्हणून विचारलं. तेव्हा हसल्या. "लई बोलतोस रं तू," म्हणाल्या.

बोलतो खरा. गप्प बसलो की मला खाज सुटते. मनूला हे ठाऊक आहे. मनू माझी बायको, खानापूरकडं गावात घर आणि दोन म्हशी सांभाळते. मी बांधावरून "मनेऽ" अशी एक हाक दिली की तिचा ओ ठरलेला. चुलीवर दूध उतू जात असलं तरी आधी ओ, मग दूध. सासू चिडते, गाव हसतं. हसू दे. हे काम झालं की तिला बेळगावला आणायची. वडगावात खोली बघून ठेवलीय. शेजारी मागांची खटखट असते दिवसभर, पण मनूच्या आवाजापुढं माग काय करणार?

३ फेब्रुवारी

पेट्या अंगणात काढल्या. आत सागवान, वरून शिसवीचं पातळ विनिअर. काय काम केलंय करणाऱ्यानं! वर मात्र तीस-चाळीस वर्षांच्या जत्रांची काजळी, बिड्यांचा धूर, चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं. बोटाच्या पेरानं टिचक्या मारत दोन्ही पेट्या तपासल्या. विनिअर सुटलं असेल तिथं आवाज बद्द येतो. डावी ठणठणीत आहे. तिची पाठ कुणीतरी कधीतरी नवी बसवलीय.

उजवीच्या पाठीला खाली मुठीएवढं गोल भोक आहे. कडा खरबरीत. उंदरांनी केलेलं असणार. एवढ्या देखण्या पेटीला हे भोक म्हणजे चांगल्या धोतराला ठिगळ. पुढचे भोंगे सोडवू नकोस, तेवढे भावकू मेकॅनिक बघेल, असं डॉक्टर सांगून गेलेत. बाकी लाकूड माझं.

५ फेब्रुवारी

दोन दिवस घासतोय. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. काजळी गेली आणि खालून शिसवीच्या रेघा वर आल्या, तेव्हा आक्कासुद्धा उठून बघायला आल्या. म्हणाल्या, ह्या टॉकीजात त्या एकदाच गेलत्या, तंबूच्या मागं भुईवर बसून पडदा उलटा बघितला होता. आता तीच पेटी त्यांच्या हॉलमध्ये. त्यांनी पेटीवरून हात फिरवला.

दुपारी भोक बुजवलं. सागाची चकती अशी कातली की केसही शिरू नये. आमच्या उस्तादांची एक रीत आहे. कुठलीही पेटी बंद करण्याआधी आत तोंड घालून एक हाक द्यायची. सांधा सैल असेल तर झणझणतो, कुठला ते कळतं. आणि हाक परत बाहेर आली की मगच शेवटचा तुकडा बसवायचा. हाक आत ठेवून पेटी बंद करायची नाही. का, ते उस्तादांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी भोकाला तोंड लावून हाक दिली. तोंडात आलं तेच नाव, "मनेऽ". एकही सांधा वाजला नाही. पण हाकही परत आली नाही. विहिरीत खडा टाकावा आणि डुबुक ऐकू येऊ नये, तसं. थोडा वेळ थांबायला हवं होतं. पण सरस गार होत चाललेला आणि गार सरस धरत नाही. चकती ठोकून टाकली. वरून लांबीचा लेप दिला. आता भोक कुठं होतं ते मलाही शोधावं लागेल.

७ फेब्रुवारी

धूळ नको म्हणून पेट्या हॉलमध्ये घेतल्या आणि पॉलिशचा पहिला हात झाला. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळून घेतली. कापडाचा बोळा इंग्रजी आठासारखा फिरवायचा, मधे थांबायचं नाही, थांबला की डाग. डावीवर लाख सुंदर बसली. उजवीवर हात पुरेना. पाच वेळा बोळा फिरवला तरी लाकूड पितच राहिलं. सहाव्यांदा अंगभर चमकलं.

घसा बसलाय. निपाणीची हवा. आक्कांनी गरम पाणी दिलं आणि म्हणाल्या, बोलणं कमी कर की रं जरा.

आज हातापायांना स्वस्थता नाही. जेवायला बसलो आणि दोनदा उठून पेट्या बघून आलो. काय बघायचं होतं ते माहीत नाही.

८ फेब्रुवारी

दुपारी अंगणात बोळे धूत होतो. डॉक्टर दवाखान्यात, आक्का मागच्या दारी. हॉलमधून कुणीतरी हाक दिली.

मनेऽ.

माझाच आवाज. माझीच लांबवायची पद्धत, शेवटी जरा चढणारी.

आत गेलो. कुणी नाही. तारासुद्धा जोडलेल्या नाहीत. मी हसलो. माणूस घराच्या आठवणीनं कासावीस झाला की कान असलेच खेळ करतात. हसताना घशातून नुसती हवा आली.

१० फेब्रुवारी

भावकू मेकॅनिक तारा जोडायला आला. पेटीच्या पाठीवरून हात फिरवून त्यानं विचारलं, भोक कुठं गेलं? मी ऐटीत सांगितलं, शोधून दाखव. तो कपाळावर हात मारून घेऊन म्हणाला, "अरं खुळ्या, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतंय. पेटी श्वास घेणार कुठनं?" मला राग आला. पॉलिशवाल्याला पेटीचं काय कळतंय, असं तो तोंडानं म्हणाला नाही एवढंच. पण खरं सांगायचं तर मला ते माहीत नव्हतं. आम्ही कपाटं करतो, टेबलं करतो. लाकडाला भोक दिसलं की आमचा हात बुजवायलाच जातो.

त्यानं रेकॉर्ड लावली. डावीतून गाणं आलं, उजवी गप्प. त्यानं तारा काढून हातात घेतल्या, टोकं तपासायला लागला. आणि तेव्हा उजवीतून आवाज आला, "जरा थांबा की, ओलं हाय." गेले तीन दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होतो, ह्याच शब्दांत.

तारा भावकूच्या हातात होत्या. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. माझं तोंड मिटलेलं होतं. तो पिशवी घेऊन उठला. पक्कड इथंच राहिली, न्यायला परत आला नाही.

११ फेब्रुवारी

आवाज पूर्ण गेला. सकाळी उठून आक्का म्हणायला गेलो तर ओठ हलले, बाकी काही नाही. डॉक्टरांनी बॅटरीनं घसा बघितला. सूज नाही, लाली नाही. आठ दिवस एक शब्द बोलू नकोस म्हणाले. भावकूची गोष्ट मी कागदावर लिहून दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि झोपेची गोळी दिली. भला माणूस आहे. त्यांना राग येत नाही म्हणून मलाच येतो.

भोक परत मोकळं करतो असंही लिहिलं. कर की म्हणाले, पण आधी विश्रांती.

मनूला पत्र टाकलं. तिला वाचता येत नाही, शाळेतले गुरुजी वाचून दाखवतात. लिहिलं, माझा आवाज बसलाय, काळजी करू नकोस, इकडं येऊ नकोस. पत्र टपालपेटीत पडल्यावर कळलं, हे ऐकून ती येणारच.

१२ फेब्रुवारी

पेटीत आता खूप शब्द आहेत. सगळे माझे. हॉलमध्ये काम करताना जे जे बडबडलो ते. आलो आलो. च्या झाला काय. काय म्हंता आक्का.

दुपारी एक वाजता ती बोलली, "आक्का, पाणी देता जरा?"

मी अंगणात होतो, ऐकलं. आक्का स्वयंपाकघरात होत्या, त्यांनीही ऐकलं. माझा आवाज परत आला म्हणून त्यांना आनंद झाला असणार. तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "ओ, आणतो रं बाळा."

तांब्या पडल्याचा आवाज आला. मी धावलो. आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, पडल्या नव्हत्या. तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगायचं होतं त्यांना.

हॉलमध्ये त्यांचा आवाज म्हणाला, आणतो रं बाळा.

१३ फेब्रुवारी

डॉक्टर आईला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मेंदूचा झटका असावा म्हणतात. मी कागदावर सगळं लिहिलं, त्यांनी न वाचता खिशात घातलं. घराची किल्ली माझ्याकडं दिली. घर सांभाळ म्हणाले.

ते गेल्यावर गिरमिट घेतलं. भोकाची जागा अंदाजानं शोधली आणि फिरवायला लागलो. फळी एक इंच जाड आहे, मी स्वतः मोजलीय. गिरमिट दोन इंच आत गेलं. भुसा येत राहिला. चार इंच. सहा इंच. मूठ लाकडाला टेकली तरी भुसाच. पोकळी लागलीच नाही. भुसा ओला होता आणि कोमट.

पळून जावं असं दहादा वाटलं. किल्ली हातात आहे. आक्का तिथं तशा, डॉक्टर तिथं, आणि मी घर टाकून जायचं? शिवाय मी गेलो आणि मनू आली तर?

१४ फेब्रुवारी

मागच्या दारातली कुऱ्हाड आणली. घड्याळात सव्वाअकरा. पेटीच्या माथ्यावर एक घाव घातला.

आक्का ओरडल्या. पेटीतून. "आयऽ गंऽ", जीव गेल्यासारखं. कुऱ्हाड हातातून सुटली. नखाएवढा टवका निघालाय, बाकी काही नाही.

त्यानंतर पेटीतून आक्कांचा आवाज आला नाही. दिवसभर माझाच.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांचा कंपाउंडर येऊन सांगून गेला. आक्का गेल्या. काल सकाळी, सव्वाअकरा वाजता.

तो आणखी बराच वेळ बोलत होता. मी मान हलवत होतो. चहा विचारणाऱ्या, बाळा म्हणणाऱ्या बाईला मी मारलं. पोलिसाला सांगितलं तर तो हसेल. डॉक्टरांना काय तोंड दाखवू?

आता आत एकच आवाज आहे. माझा. म्हणजे पुढचा घाव कुणावर, ते मला कळतं.

१६ फेब्रुवारी

गुरुजींच्या अक्षरात कार्ड आलं. मनू उद्या दुपारपर्यंत पोचते. सोबत आल्याचा काढा आणतेय. खाली गुरुजींनी लिहिलंय, फार सांगितलं, ऐकत नाही.

पेटी दिवसभर एकच हाक देते. मनेऽ. थांबते. ऐकते. पुन्हा मनेऽ. आत घालून मी बंद केलेली तीच ही हाक. तिला ओ पाहिजे. आक्कांचा ओ तिला पुरला नाही.

मनू पहिल्या हाकेला ओ देते. ह्याच गोष्टीचा मला गर्व होता.

ती यायच्या आत पेटी फोडायची. मी गेलो तर गेलो. ठरलं.

१७ फेब्रुवारी, सकाळ

कुऱ्हाड उचलली. हॉलमध्ये उभा राहिलो. एक तास.

जमलं नाही. हात वर गेला की छातीत कळ येते, पेटी मऊ आवाजात म्हणते, जरा थांबा की. मी थांबतो. मी भित्रा आहे. लिहून ठेवतो, मी भित्रा आहे.

कुऱ्हाड तिथंच टाकून फाटकापाशी येऊन बसलोय. मनूला बाहेरच गाठायचं. हात धरून सरळ बस स्टँडवर —

दुपार

आली. फाटकातूनच बोलत आली. किती वाळलाय म्हणाली, गळ्याला हात लावला, रडली, लगेच म्हशीचं सांगायला लागली. पंधरा दिवसांनी तिचा आवाज ऐकला आणि मी खुळ्यासारखा उभा राहून ऐकत बसलो. तेवढाच वेळ होता आणि तो मी ऐकण्यात घालवला.

मग हात धरून ओढायला लागलो. ती विचारते काय झालं, कुठं, काय झालं. मी खुणा केल्या. तिला कळेना.

आतून हाक आली. मनेऽ.

तिचं तोंड उघडलं. मी हातानं दाबलं. जोरात दाबलं, तिचे दात लागून माझ्या तळव्याला रक्त आलं. डोळे कसे झाले होते तिचे — असं कधी बघितलं नव्हतं तिनं माझ्याकडं —

पेटी म्हणाली, "मने, त्यो मी न्हवं. आत ये." हे शब्द मी कधीच बोललो नव्हतो.

तिनं माझ्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं. मग चावली आणि सुटली. हॉलमध्ये पळाली. दाराला आतून कडी घातली.

लगेच

दारावर डोकं आपटलं. ती आतून किंचाळते, जा, जा, कोण हायस तू. खिडक्यांना गज. कुऱ्हाड आत आहे.

शेजारी कुणी नाही, वखारीत गेलेत सगळे. आणि येऊन करणार काय?

डायरीची पानं फाडून दाराखालून सरकवली. मने बोलू नको. मोठ्या अक्षरात. तिला वाचता येत नाही. माहीत असून सरकवली. अजून सरकवतोय.

पेटीच्या आड मीच आहे असं समजून ती रडत सांगतेय त्याला. बाहेर एक माणूस हाय, तुमच्यावानी दिसतोय, मला मारलं त्यानं. पेटी ऐकतेय. मधे मधे हं म्हणते, मी म्हणतो तसं. अजून हाकेला ओ दिलेला नाही. नुसतं रडतेय. रड मने, रडत राहा —

गप्प झाली.

पदरानं नाक पुसलं. तो आवाज ओळखतो मी.

आता ती हाक देणार. देण्याआधी मी घसा साफ करतो, तस्सं —

दिली.

मनू श्वास घेतेय. मने, नको. मी इकडं आहे. दाराच्या ह्या बाजूला मी आहे, मने, मी, मी —